सैन्यातली रोगराई आणि औषधपाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लढायांच्या इतिहासावर लिहायला लागल्यापासून मेसेजमध्ये तेच तेच प्रश्न येत राहतात, आणि त्यातले निम्मे तरी तलवारी-तोफांचे नसतात, आजारांचे असतात. कुणाचे पणजोबा बसऱ्याला गेले आणि परत आले नाहीत, कुणी नाइटिंगेलबद्दल शाळेत शिकलंय, कुणाला पानिपतावर काय झालं ते हवंय. सगळ्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तरातलं दुसऱ्यात परत लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. लढाईपेक्षा आजारानेच जास्त सैनिक मरायचे हे खरं आहे का, की फुगवून सांगतात?

खरं आहे, आणि फरक थोडाथोडका नाही. १८०९ साली ब्रिटिशांनी हॉलंडच्या वाल्खरन बेटावर चाळीसेक हजार माणूस उतरवलं, तिथे तापाने चार हजारांच्या आसपास गेले आणि प्रत्यक्ष लढाईत जेमतेम शंभरएक. क्रिमियन युद्धात (१८५४-५६) ब्रिटिशांचे साधारण २१ हजार मेले, त्यातले सोळाएक हजार आजाराने. अमेरिकेच्या यादवी युद्धात सहा लाखांच्या वर माणसं गेली, त्यातली दोन तृतीयांश हगवण, विषमज्वर, न्यूमोनिया, गोवर असल्या आजारांनी. नेपोलियनचं रशियात १८१२ ला काय झालं म्हटलं की सगळे बर्फ सांगतात, पण मॉस्को यायच्या आधीच, भर उन्हाळ्यात, त्याची फौज टायफस आणि हगवणीने आणि उपासमारीने वितळायला लागली होती, थंडी नंतर आली. इतिहासाच्या पुस्तकात लढाईला दहा पानं मिळतात आणि या माणसांना एक ओळ, याचं मला फार वाईट वाटतं.

२. पण सैनिक तर तरुण, धडधाकट, निवडून घेतलेले असतात. मग तेच का आजारी पडायचे?

कारण छावणी म्हणजे रातोरात उभं राहिलेलं शहर, आणि त्या शहराला ना नळ ना गटार. पन्नास हजार माणसं, त्यांच्याहून जास्त बाजारबुणगे, घोडे, बैल, उंट, हत्ती, सगळ्यांना एकाच नदीचं पाणी, आणि शौचाला त्याच नदीचा काठ. दोन-तीन दिवसांत तळ हलला तर निभावतं. वेढा पडला किंवा पावसाळ्यामुळे मुक्काम वाढला की हगवण सुरू झालीच म्हणून समजा. त्यात अन्न शिळं आणि एकसुरी, झोप नाही, कपडे महिनोन्महिने तेच, त्यात उवा.

दुसरं कारण लोक विसरतात. खेड्यातून आलेल्या पोराला लहानपणी गोवर-गालगुंड झालेले नसायचे, ते भरती झाल्यावर बराकीत पहिल्यांदा गाठायचे. अमेरिकेच्या यादवी युद्धात खेड्यातल्या पलटणी गोवराने आडव्या झाल्या ते यामुळेच. आणि परक्या मुलखात गेलं की तिथले ताप नवे. १८०२ साली नेपोलियनने हैतीवर पाठवलेली फौज पिवळ्या तापाने संपली, तिचा सेनापती लक्लेर तोही त्यातच गेला.

३. मुख्य आजार कोणते होते?

पाण्यातून येणारे: कॉलरा (आपली पटकी), हगवण, विषमज्वर म्हणजे टायफॉइड. उवांमुळे: टायफस. टायफस आणि टायफॉइड हे दोन वेगळे आजार आहेत, नावं सारखी म्हणून गोंधळ होतो. डासांमुळे: मलेरिया, पिवळा ताप. अन्नातल्या कमतरतेमुळे: स्कर्व्ही (क जीवनसत्त्व न मिळाल्याने) आणि बेरीबेरी (बी१ न मिळाल्याने), त्यांच्यासाठी प्रश्न ११ आणि १२. शिवाय देवी, प्लेग, गुप्तरोग, आणि जखम चिघळणं.

४. आपल्याकडे जुन्या काळी सैन्याबरोबर वैद्य असायचे का?

असायचे. सुश्रुतसंहितेत युक्तसेनीय नावाचा अख्खा अध्याय आहे, राजा मोहिमेवर निघाला की वैद्याने काय करायचं त्यावर. शत्रू रस्ते, पाणी, चारा, अन्न, सरपण यात विष कालवतो, ते ओळखून शुद्ध करायचं काम वैद्याचं, आणि त्याचा तंबू राजाच्या तंबूजवळ असावा, लांबून ध्वजासारखा दिसावा, म्हणजे जखमी आणि आजारी माणूस शोधत न बसता तिथे पोचेल. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही फौजेच्या मागे शस्त्रं, औषधं, तेलं आणि पट्ट्यांचं कापड घेतलेले चिकित्सक असावेत असं स्पष्ट म्हटलंय. ही सगळी 'असावं' ची भाषा आहे हे लक्षात ठेवा. प्रत्येक राजाच्या फौजेत तसं होतंच असं त्यावरून ठरत नाही.

मराठ्यांच्या बाबतीत मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातलं गडाच्या स्वच्छतेचं. गडावर रस्त्यात, बाजारात, तटावर केरकचरा पडू द्यायचा नाही, तो गडाखालीही टाकायचा नाही, जागच्या जागी जाळायचा आणि ती राख परसात टाकून भाज्या करायच्या. अठराव्या शतकाच्या सुरवातीचं हे लिखाण आहे, जंतू ही कल्पनाच अजून कुणाकडे नव्हती. पण गडावर कोंडून राहिलेल्या शिबंदीला घाण मारते हे अनुभवाने माहीत होतं आणि त्याचा थेट हुकूम काढला होता. हा हुकूम काढणं महत्त्वाचं, खाली परत परत तेच दिसेल.

५. पुण्यात युद्धकैद्याचं कापलेलं नाक परत बसवलं ही गोष्ट खरी की व्हॉट्सअॅपवरची?

खरी. कावसजी नावाचा मराठा गाडीवान, इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. १७९२ च्या टिपूविरुद्धच्या युद्धात तो टिपूच्या लोकांच्या हाती लागला, त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळ कुंभार जातीच्या एका वैदूने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक करून दिलं. मुंबई इलाख्याच्या इंग्रज डॉक्टरांनी हे बघितलं, आणि त्याची हकीकत चित्रासकट १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या मासिकात छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जनने वीस वर्षं अभ्यास करून १८१४ ला इंग्लंडमध्ये तसं ऑपरेशन केलं, आणि त्याचा पहिला पेशंटसुद्धा लष्करी अधिकारीच होता. व्हॉट्सअॅपवर यात जोडतात ते म्हणजे 'सुश्रुताचं ऑपरेशन जसंच्या तसं'. तसं नाही. सुश्रुताने गालाची कातडी सांगितलीय, पुण्यात कपाळाची घेतली. म्हणजे ही कला पुस्तकाबाहेर, त्या घराण्यांच्या हातात चालत आणि बदलत आली होती. त्या माणसाचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, पेशंटचं ठेवलं.

६. रोगामुळे मराठ्यांच्या एखाद्या लढाईचा निकाल फिरला असं झालंय का?

फिरता फिरता राहिला अशी एक जागा आहे. नोव्हेंबर १८१७. इकडे ५ तारखेला खडकीला बाजीराव दुसऱ्याची फौज आणि इंग्रज समोरासमोर आले, आणि त्याच दिवसांत तिकडे बुंदेलखंडात गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या मोठ्या फौजेत कॉलरा घुसला. काही दिवसांत हजारो माणसं गेली, त्यात बाजारबुणगे सगळ्यात जास्त, पहारेकरी उभ्या जागी कोसळत होते, मेलेल्यांना पुरायला माणसं पुरेनात. हेस्टिंग्जने म्हणे सांगून ठेवलं होतं की मी मेलो तर तंबूतच गुपचूप पुरा, शत्रूला कळू देऊ नका. शेवटी तळ हलवून बेतवा नदीपलीकडच्या उंच कोरड्या जागी नेला तेव्हा साथ ओसरली. पण ही फौज ज्यांच्यावर दबाव आणायला आली होती त्या शिंद्यांनी ५ नोव्हेंबरलाच इंग्रजांबरोबरच्या तहावर सही केलेली होती, त्यामुळे त्या अडचणीचा फायदा घ्यायला समोर कुणी उरलंच नव्हतं. आठ-दहा दिवस इकडेतिकडे झाले असते तर काय, हा विचार मला नेहमी पडतो. तीच साथ पुढे दक्षिणेत उतरली आणि १८१८ च्या पावसाळ्यात पुण्या-मुंबईत पोचली.

त्याआधी १६८८ ला विजापूरच्या मुक्कामात औरंगजेबाच्या छावणीत प्लेग आला होता, बादशहाची एक बेगमसुद्धा त्यात गेली, पण मोहीम थांबली नाही. पानिपतचं बरेच जण विचारतात. तिथे १७६१ च्या जानेवारीपर्यंत छावणी अन्नावाचून आणि घाणीने हैराण झाली होती, जनावरं मरून पडली होती, दुर्गंधी सुटली होती, पण मुख्य मारेकरी रसद तुटणं आणि उपासमार, एखादी साथ नव्हे.

७. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने सेवा केली म्हणून सैनिकांचे मृत्यू कमी झाले ना?

शाळेत असं शिकवतात खरं, पण खरी गोष्ट याहून कितीतरी मोठी आहे. क्रिमियन युद्धात ती १८५४ च्या नोव्हेंबरमध्ये ३८ बायका घेऊन तुर्कस्तानातल्या स्कुतारीच्या लष्करी हॉस्पिटलला पोचली, आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात तिथले मृत्यू कमी नाही, वाढले. फेब्रुवारी १८५५ ला दाखल झालेल्या शंभरातले बेचाळीस मरत होते. इमारत तुंबलेल्या गटारांवर उभी होती, पाण्यात मेलेली जनावरं होती, वारा खेळत नव्हता. मार्चमध्ये लंडनहून सॅनिटरी कमिशन आलं, त्यांनी गटारं उपसली, पाण्याचे नळ साफ केले, भिंतींना चुना दिला, खिडक्या उघडल्या, आणि जूनपर्यंत बेचाळीसचे दोन झाले.

नाइटिंगेलचं मोठेपण यापुढचं. परत गेल्यावर तिने विल्यम फार (Farr) या आकडेतज्ज्ञाच्या सोबत बसून आकडे तपासले, माझ्या वॉर्डातली माणसं जखमांनी नाही, इमारतीने मारली हे तिला कळलं, आणि ते दडपून न ठेवता तिने रंगीत आलेख काढून सरकारपुढे ठेवलं. तिथून ती भारताकडे वळली. भारतातल्या गोऱ्या फौजेच्या आरोग्यावर १८५९ ला जे रॉयल कमिशन बसलं त्याच्यामागे तीच होती, आणि त्यांच्या १८६३ च्या अहवालात आकडा निघाला दर हजारी ६९ मृत्यू, दरवर्षी, तोही लढाई सोडून. विसाव्या शतकाचं पहिलं दशक संपेपर्यंत तो दहाच्या खाली आला. ती स्वतः भारतात कधीच आली नाही, पण पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार होता.

८. कॅन्टोन्मेंट गावापासून लांब का वसवले? आरोग्यासाठी की आपल्यापासून वेगळं राहायला?

दोन्हीसाठी, आणि ही दोन कारणं त्यांच्या डोक्यात वेगळी नव्हतीच. घाण, वास, गर्दी म्हणजे रोग, आणि ते सगळं 'नेटिव्ह' वस्तीत, असं धरून चालले. १८६४ च्या कॅन्टोन्मेंट कायद्याने छावणीतली स्वच्छता, विहिरी, कत्तलखाने, बाजार सगळं लष्कराच्या हाताखाली आलं. पुणे कॅम्प, खडकी, देवळाली, नगर, कामठीला ते रुंद रस्ते आणि लांब लांब बंगले अजून दिसतात. पण गोऱ्या सोल्जरला उंच छताची बराक आणि आपल्या शिपायाला झोपडी बांधायला थोडा भत्ता, बाकी तुझं तू बघ, असा हिशोब होता. अहवालांत गोऱ्यांच्या आरोग्यावर पानंच्या पानं आणि शिपायांवर फार कमी.

यातला सगळ्यात वाईट भाग गुप्तरोगांचा. १८९० च्या दशकात भारतातल्या गोऱ्या फौजेत दर हजारी पाचशेच्या वर माणसं वर्षाला त्यासाठी दाखल होत होती. त्यावर उपाय काय केला, तर लाल बाजारातल्या, म्हणजे छावणीतल्या वेश्यावस्तीतल्या बायकांची नोंदणी, जबरदस्तीने तपासणी, आणि आजारी सापडली की लॉक हॉस्पिटलमध्ये कोंडणं. सोल्जरांची तशी तपासणी नाही. रोगाचं निम्मंच टोक पकडलं तर रोग जातो कसा, तो गेला नाही. बायकांची अब्रू आणि पोट मात्र गेलं.

९. मलेरियाचा शोध लष्करी डॉक्टरने लावला हे खरं का?

एकाने नाही, दोघांनी. १८८० ला अल्जीरियात फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हरानने एका सैनिकाच्या रक्तात मलेरियाचा परजीवी पाहिला. आणि २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादला इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या रोनाल्ड रॉसने तो डासाच्या पोटात पाहिला. त्यासाठी हुसेन खान नावाचा पेशंट मच्छरदाणीत बसून डास चाववून घेत होता, एका डासाला एक आणा. शोध हातातोंडाशी आलेला असताना लष्कराने रॉसची बदली राजपुतान्यात खेरवाड्याला केली, जिथे त्याच्या कामाचा मलेरिया मिळेना, महिने वाया गेले. मग कलकत्त्याला पक्ष्यांच्या मलेरियावर त्याने उरलेलं काम पूर्ण केलं. नोबेल रॉसला १९०२ ला, लाव्हरानला १९०७ ला. हुसेन खानचं नाव निदान राहिलं तरी.

१०. लसी आधी सैनिकांवर ट्राय करायचे का? सक्ती असायची का?

दोन्ही पद्धती दिसतात. जॉर्ज वॉशिंग्टनने १७७७ ला आपल्या अख्ख्या फौजेला देवी टोचायचा हुकूम दिला, तेव्हा जेनरची लस यायची होती, खऱ्या देवीचाच हलका डोस टोचायचे, त्यात माणूस दगावायचा धोका होताच, तरी त्याने तो घेतला आणि फौज वाचली.

उलट उदाहरण टायफॉइडचं. अॅल्म्रोथ राइट या लष्करी मेडिकल स्कूलमधल्या प्रोफेसरने १८९६ च्या सुमारास लस तयार केली, १८९८ ला भारतात येऊन काही हजार सोल्जरांना टोचली. पुढच्याच वर्षी बोअर युद्ध लागलं आणि लष्कराने लस ऐच्छिक ठेवली. टोचली की दोन दिवस ताप यायचा, म्हणून फार थोड्यांनी घेतली, काही जहाजांवरून लसीच्या पेट्या समुद्रात फेकल्याचं सांगतात. मग दक्षिण आफ्रिकेत मेलेल्या घोड्यांनी भरलेल्या नदीचं पाणी तहानलेल्या माणसांनी प्यालं, ब्लूमफाँटेनचा पाणीपुरवठा बोअरांनी तोडला, आणि युद्ध संपेपर्यंत टायफॉइडच्या ५७ हजारांवर केसेस आणि ८ हजारांवर मृत्यू. पहिल्या महायुद्धात बहुतेक सगळ्यांना लस टोचून पाठवलं, तेव्हा कितीतरी मोठ्या ब्रिटिश फौजेत मृत्यू बाराशेच्या आसपास. लस तीच. सक्ती कागदावर तेव्हाही नव्हती, पण अधिकारी या वेळी मागे लागले होते.

मुंबईत हाफकिनने प्लेगची लस १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना. ते लष्कराचं काम नव्हतं, पण विचारतात म्हणून सांगितलं.

११. कुतच्या वेढ्यात आपल्या सैनिकांनी घोड्याचं मांस खाल्लं नाही म्हणून ते मेले, असं ऐकलंय. यात त्यांचा दोष होता का?

या प्रश्नावर मी सविस्तर लिहितो, कारण ही आपली माणसं होती. कुत म्हणजे मेसोपोटेमियातलं, आजच्या इराकमधलं गाव. पहिल्या महायुद्धात तिथे तुर्कांच्या वेढ्यात अडकलेली फौज म्हणजे सहावी पूना डिव्हिजन, आणि तिच्यात १०३ वी (जंगी पलटण), ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची पोरं टिग्रिसच्या काठी, डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, १४७ दिवस.

अन्न संपत आलं तेव्हा घोडे-खेचरं कापायला लागले. गोऱ्यांनी खाल्लं. आपल्यातल्या बहुतेकांनी, हिंदू काय मुसलमान काय, नकार दिला. भीती खाण्याची नव्हती तेवढी परत गावी गेल्यावर जातीबाहेर टाकतील, पोरींची लग्नं होणार नाहीत याची होती. ताजं मांस नाही, भाजीपाला नाही, त्यामुळे भारतीय सैनिकांत स्कर्व्ही पसरली, हिरड्या सुजल्या, जुन्या भरलेल्या जखमा पुन्हा उघडायला लागल्या. पण दुसरी बाजू कुणी सांगत नाही. गोऱ्या सैनिकांत त्याच वेळी बेरीबेरी झाला आणि आपल्यात झाला नाही, कारण त्यांना पांढऱ्या मैद्याचा पाव होता आणि आपल्यांना कोंड्यासकट आटा. मैदा संपला, गोऱ्यांनाही जाडंभरडं पीठ मिळायला लागलं आणि त्यांचा बेरीबेरी थांबला. एकाच वेढ्यात, एकाच गावात, ताटात काय आहे त्यावर दोन फौजांना दोन वेगळे रोग. तिथला मुख्य वैद्यकीय अधिकारी कर्नल पॅट्रिक हेहिर याने हे सगळं नोंदवून ठेवलंय.

दोष कुणाचा म्हणाल तर मी सैनिकाला देणार नाही. भारतातल्या धर्मगुरूंकडून 'चालेल' असा निरोप तारेने मागवला होता, पण परवानगी असणं वेगळं आणि वरून स्पष्ट हुकूम असणं वेगळं. हुकूम असता तर गावी सांगायला झालं असतं की आम्हाला खायला लावलं. कुतमधला सेनापती टाउनशेंड याने जोर केला तो एप्रिलमध्ये, तेव्हा हजारोंनी खायला सुरवात केली, पण उशीर झाला होता. आणि मुळात त्या आघाडीवर लिंबं, भाज्या, बोटी, डॉक्टर काहीच पुरेसं पाठवलेलं नव्हतं. वेढ्याच्या आधी टेसिफोनच्या लढाईतले जखमी बसऱ्याला बोटींवरून आणले, त्यातली एक बोट मेजिदिए. इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर मार्कहॅम कार्टर यांना लांबून बोटीच्या कडांना दोर लोंबताहेत असं वाटलं, जवळ आली तेव्हा कळलं की ती वाळलेली विष्ठा आहे, हगवण लागलेली जखमी माणसं एकमेकांना चिकटून डेकवर पडली होती. कार्टरनी रिपोर्ट केला तर त्यांनाच दमदाटी झाली. १९१७ ला चौकशी कमिशनचा अहवाल बाहेर आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेनना राजीनामा द्यावा लागला.

कुत पडल्यावर तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली, आणि वाळवंटातून चालवत नेताना त्यातली हजारो हगवणीने आणि भुकेने गेली.

१२. बेरीबेरी तांदळामुळे होतो हे कळल्यावरही जपानी सैनिक मेले, ते कसं?

पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात बी१ जीवनसत्त्व उरत नाही. जपानी नौदलाचा डॉक्टर ताकाकी कानेहिरो याला जीवनसत्त्व माहीत नव्हतं, पण जहाजावरच्या खाण्यात खोट आहे एवढं कळलं. र्‍यूजो जहाजावर ३७६ पैकी १६९ जणांना बेरीबेरी झाला आणि २५ मेले, तेव्हा त्याने १८८४ ला त्सुकुबा जहाज त्याच मार्गाने पाठवलं, फक्त मांस, दूध, गहू-बार्ली देऊन. एकही मेला नाही. नौदलाने रेशन बदललं, रोग संपला. पण भूदलाचे डॉक्टर जर्मनीत शिकलेले, त्यांना हा जंतूच वाटत होता, आणि सैनिकाला पांढरा भात हा तर मानाचा पगार. त्यांनी ऐकलं नाही. १९०४-०५ च्या रशियाविरुद्धच्या युद्धात भूदलाचे २७ हजारांच्या आसपास सैनिक बेरीबेरीने गेले. एका देशात, शेजारच्या खात्याकडे उत्तर असताना. मला हे वाल्खरनपेक्षाही भयंकर वाटतं, तिथे निदान कुणाला काही माहीत नव्हतं.

१३. पहिल्या महायुद्धात जखमींसाठी नवीन काय आलं?

बरंच. धनुर्वाताचं सीरम प्रत्येक जखमीला द्यायला लागले आणि युद्धाच्या सुरवातीला, १९१४ ला, शेतातल्या खतमातीने होणारे धनुर्वात काही महिन्यांत कमी झाले. मांडीचं हाड मोडलं की आधी ऐंशी टक्के दगावायचे, थॉमस स्प्लिंट लावून मगच हलवायचं असं ठरल्यावर ते वीस टक्क्यांच्या आसपास आले. साधा लोखंडी सांगाडा आहे तो, नवीन औषध काहीच नाही. रक्त साठवून आघाडीवर न्यायला १९१७ ला सुरवात झाली. ट्रेंच फूट म्हणजे दिवसेंदिवस थंड चिखलपाण्यात उभं राहून पाय सडणं, त्यावर उपाय रोज मोजे बदलणं, पायाला तेल चोळणं, आणि एखाद्या तुकडीत केसेस वाढल्या की जाब त्या तुकडीच्या अधिकाऱ्याला, यानेच ते आटोक्यात आलं. फ्रान्सला गेलेल्या आपल्या जखमींसाठी ब्रायटनच्या राजवाड्यात हॉस्पिटल केलं होतं, तिथे हिंदू-मुसलमानांची स्वयंपाकघरं आणि पाण्याचे नळसुद्धा वेगळे ठेवले होते. हे वाचून मेसोपोटेमियातली अवस्था (प्रश्न ११) आणखी टोचते.

१४. १९१८ चा फ्लू सैनिकांनीच मुंबईत आणला का?

सैनिकांची ने-आण करणाऱ्या जहाजांवाटे आला, एवढं बहुतेक सगळे मान्य करतात. जून १९१८ ला मुंबईच्या गोदीवर ड्यूटी करणारे पोलीस शिपाई पहिल्यांदा आजारी पडून दाखल झाले. सप्टेंबरनंतरची दुसरी लाट जीवघेणी ठरली, भारतात एक कोटीहून जास्त माणसं गेली. मात्र 'सैनिकांनी आणला' म्हणताना तो सैनिक स्वतः खच्चून भरलेल्या जहाजात कोंबलेला होता हे विसरू नये.

१५. दुसऱ्या महायुद्धात गोळ्या होत्या, तरी बर्मात मलेरिया एवढा का?

गोळ्या होत्या, पोटात जात नव्हत्या. १९४३ ला जनरल स्लिमने बर्मा आघाडीवरच्या ब्रिटिश-भारतीय फौजेचा चार्ज घेतला तेव्हा एका जखमीमागे १२० आजारी माणसं मागे पाठवावी लागत होती. मेपाक्रिनची गोळी कडू, कातडी पिवळी पडायची, आणि त्यात अफवा की पुरुषत्व जातं, म्हणून सैनिक थुंकून टाकायचे. स्लिमने अचानक रक्ततपासणी सुरू केली, आणि ज्या युनिटमध्ये ९५ टक्क्यांपेक्षा कमी जणांच्या रक्तात औषध सापडलं त्याच्या कमांडिंग ऑफिसरला काढून टाकलं. तिघांना काढल्यावर बाकीच्यांना संदेश पोचला. शिवाय आजाऱ्याला शेकडो मैल भारतात न पाठवता आघाडीच्या मागेच उपचार, संध्याकाळी बाह्या खाली, डीडीटीची फवारणी. मलेरिया उतरला.

१६. पेनिसिलिन आल्यावर खरंच एवढा फरक पडला?

हो, जखम चिघळून मरणं त्यानंतर फार कमी झालं. १९४३ ला उत्तर आफ्रिकेत जखमींवर वापरून पाहिलं आणि जून १९४४ च्या नॉर्मंडीच्या चढाईसाठी लाखो डोस तयार होते. त्याआधी काय होतं ते बघायचं तर चीनकडे बघा. कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथून तिथल्या कम्युनिस्टांच्या आठव्या रूट आर्मीत ऑपरेशन करताना बोट कापलं आणि १९३९ च्या नोव्हेंबरमध्ये रक्तदोष होऊन गेले. त्यांच्या नावाच्या हॉस्पिटलचे प्रमुख पुढे झाले ते आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ ला काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांत ते होते, आणि नागपूरचे डॉ. चोळकरही. कोटणीसांना मात्र कुठला संसर्ग नडला नाही, फिट्सच्या आजाराने ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी गेले.

१७. मग आजारापेक्षा लढाईत जास्त मेले असं पहिलं युद्ध कोणतं?

याला एक उत्तर नाही, आणि परीक्षेच्या पुस्तकात एकच छापलेलं असेल तर सावध राहा. १८७०-७१ च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात जर्मन बाजूला लढाईतले मृत्यू जास्त होते. रशिया-जपान युद्धाचं नाव घेतात, पण त्यातला बेरीबेरी बघा (प्रश्न १२). पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर तोफांनी जास्त मारले, पण पूर्व आफ्रिकेत आजारच पुढे राहिला. अमेरिकन सैन्यात तर १९१८ च्या फ्लूमुळे आजाराचे मृत्यू लढाईतल्यांपेक्षाही वर गेले. आघाडी कुठली, फौज कुणाची, हे विचारल्याशिवाय आकडा सांगू नये.

१८. शत्रूत मुद्दाम रोग पसरवला असं खरंच झालंय का?

झालंय. १७६३ ला अमेरिकेत फोर्ट पिटला इंग्रजांनी मूळ रहिवाशांच्या प्रतिनिधींना देवीच्या दवाखान्यातली दोन ब्लँकेटं आणि एक रुमाल दिल्याची नोंद आहे. मात्र देवी त्या भागात आधीच पसरलेली होती, त्यामुळे याच ब्लँकेटांनी साथ आली असं ठरवता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानच्या युनिट ७३१ ने चीनमध्ये प्लेगचे जंतू वापरले आणि जिवंत माणसांवर प्रयोग केले, ते सिद्ध झालेलं आहे. १३४६ ला क्रिमियातल्या काफ्फा शहराच्या वेढ्यात वेढा घालणाऱ्यांनी प्लेगची प्रेतं तटावरून आत फेकल्याची गोष्ट ज्याने लिहिली तो तिथे हजर नव्हता.

१९. पणजोबा मेसोपोटेमियात 'आजाराने वारले' एवढंच घरात माहीत आहे. त्यांची नोंद कुठे मिळेल?

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर शोधा. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात नोकरीवर असताना मृत्यू झाला असेल तर तो गोळीने झाला की हगवणीने, नोंद सारखीच होते, त्यामुळे आजाराने गेले म्हणून नाव नसेल असं समजू नका. आडनाव बहुतेक वेळा नसतं. नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका यांच्या इंग्रजी स्पेलिंगचे सगळे प्रकार टाकून बघा, पलटणीचा नंबर माहीत असेल तर काम सोपं होतं. बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावं कोरली होती आणि आपल्या साध्या शिपायांचे पलटणवार फक्त आकडे, म्हणून स्मारकाच्या फोटोत नाव सापडणार नाही, ते कागदी यादीत असतं. ही असमान वागणूक झाली हे कमिशनने २०२१ च्या अहवालात मान्य केलंय.

गावात चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीवर 'या गावातून इतके गेले, इतके कामी आले' अशी संगमरवरी पाटी असेल तर तिचा फोटो काढून ठेवा, अनेक ठिकाणी रंगकामात ती झाकली गेलीय. आणि घरात पितळी मेडल किंवा पेन्शनचा कागद असेल तर मेडलच्या कडेवरचा नंबर आधी वाचा, तोच सर्व्हिस नंबर असतो, त्याच्यापुढे पलटणीचं नावही कोरलेलं असतं.